काळी पाच आणि ५७ सप्तके

यंदाच्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात काही तरुणांनी कापसाचे एक रिकामे गोदाम आतून काळ्या कापडाने मढवून ब्रह्मांडाचा अनुभव देणारे दालन उभे केले होते. आत गर्द अंधार, डोक्यावर प्रोजेक्टरने उमटवलेल्या दीर्घिका आणि चारही कोपऱ्यांतील स्पीकरमधून येणारा एक घोगरा, कण्हल्यासारखा नाद. कापडाआडच्या पत्र्यावर हात ठेवला, तर तळहाताला मुंग्या येत होत्या. शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी विचारले, "गुरुजी, हा आवाज खरंच वरतून येते काय?"

प्रश्न रास्त होता. अवकाशात आवाज नसतो, असे आपण शाळेत शिकतो आणि पोकळीपुरते ते खरे आहे, कारण ध्वनीला माध्यम लागते. परंतु ययाती तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या एका दीर्घिकासमूहात कोट्यवधी अंश तापमानाचा अतिविरळ वायू पसरलेला आहे. मध्यावरील दीर्घिकेतल्या महाकाय कृष्णविवराच्या परिसरातून झोतांच्या रूपाने फेकली जाणारी ऊर्जा या वायूत प्रचंड बुडबुडे फुगवते आणि त्यांच्या रेट्याने वायू आळीपाळीने दाटतो व विरळ होतो. ध्वनिलहर म्हणजे तरी दुसरे काय असते? सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रांत या लहरी २००३ मध्ये ओळखल्या गेल्या, कारण वायू जेथे दाट, तेथे क्ष-किरणांचे तेज अधिक दिसते. दोन लहरींमधील अंतर सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे आणि एका आवर्तनाला लागणारा काळ सुमारे ९६ लाख वर्षे.

इतका खर्ज कानापर्यंत आणायचा कसा, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत सुंदर कोडे वाटते. एकतारीची तार मधोमध दाबून छेडली, की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो, कारण लांबी निम्मी झाल्याने कंपने दुप्पट होतात. एक सप्तक चढणे म्हणजे दुप्पट होणे. दहा सप्तके चढल्यावर कंपने हजारपटीच्या थोडी वर जातात. माणसाच्या कानाची २० ते २०,००० हर्ट्झ ही मर्यादा या दहा सप्तकांतच आटोपते. ययातीच्या लहरीची वारंवारता मात्र ५७ वेळा दुप्पट करावी लागते, म्हणजे सुमारे १,४४० कोटी कोटी पट, तेव्हा कुठे सेकंदाला पावणेपाचशेच्या आसपास कंपने मिळतात. साडेतीन सप्तकांच्या सोळा पेट्या ओळीने मांडल्या, तरी हे अंतर पुरते भरून निघत नाही. दालनात घुमणारा, नासाने २०२२ मध्ये प्रसृत केलेला नाद असाच ५७ आणि ५८ सप्तके वर उचललेला आहे.

दालनातील दुसरा तुकडा आकाशगंगेच्या केंद्राचा होता आणि तो वेगळ्या जातीचा होता. तेथे चित्र डावीकडून उजवीकडे वाचले जाते, वरच्या भागातील प्रकाशाला उंच स्वर दिला जातो आणि तेजाप्रमाणे आवाज लहानमोठा होतो. ती माणसाने केलेली स्वरयोजना आहे. ययातीच्या लहरी वायूत प्रत्यक्ष आहेत. प्रवेशद्वारावरच्या फलकावर हा भेद लिहायला हवा होता.

सूर्यातून ओंकार निघतो आणि नासाने तो ध्वनिमुद्रित केला, हा संदेश आमच्याकडे मोबाइलवर सतत फिरत असतो. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या आवर्तनाने स्पंदतो, हे खरे; ती स्पंदने हजारो पटींनी जलद करून ऐकवली जातात, हेही खरे. पण त्या घुमण्यात अक्षर शोधणे म्हणजे आपलेच शब्द सूर्याच्या तोंडी घालणे होय, आणि श्रद्धेला नासाचे प्रमाणपत्र कशाला लागावे?

आजींना मी एवढेच सांगितले, की लहर तिथली आहे, पट्टी मात्र आपण बदलली आहे. ही पट्टी भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांना लगेच कळली. शास्त्रज्ञांनी या लहरीचा स्वर पाश्चात्त्य नावाने बी फ्लॅट असा सांगितला आहे, म्हणजेच पेटीवरची काळी पाच. त्यांनी तेथेच पेटी उघडली, काळी पाच दाबून भाता हळूहळू चालवला, आणि आजी पेटीच्या लाकडावर हात ठेवून तो स्वर थांबेपर्यंत उभ्या राहिल्या.