फेस गेला, थर राहिला: खायचा सोडा, व्हिनेगर आणि नळावरचे क्षार

दिवाळीची साफसफाई जवळ आली की फोनवर तेच व्हिडिओ फिरू लागतात. तुंबलेल्या सिंकमध्ये कुणीतरी अर्धा कप खायचा सोडा ओततं, त्यावर कपभर पांढरं व्हिनेगर, आणि फसफसत फेस वर येतो. मग किटलीभर गरम पाणी. पाणी झुळकन खाली जातं आणि पडद्यावर अक्षरं येतात, 'केमिकल-फ्री क्लीनिंग'. सोडा आणि व्हिनेगर ही केमिकल नाहीत तर काय आहेत, हा वाद सध्या बाजूला ठेवू. त्या फेसात नेमकं काय घडतं ते आधी पाहू.

व्हिनेगर म्हणजे पाण्यात विरघळलेलं ॲसेटिक आम्ल. बाजारातल्या बाटलीत ते साधारण ४ ते ५ टक्के असतं. खायचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट, सौम्य आम्लारीधर्मी. दोन्ही भेटले की शाळेत शिकलेलं उदासिनीकरण होतं आणि सोडिअम ॲसिटेट हा क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरमध्ये ५ ग्रॅम आम्ल असतं. ते संपवायला बरोबर ७ ग्रॅम सोडा, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा पुरतो. त्यातून सुमारे २ लिटर वायू निघतो. फेस एवढा भरघोस दिसतो तो त्यामुळे. फेस बसल्यावर उरतं ते जवळपास उदासीन, किंचित खारट पाणी. त्यात आम्लाचा जोर उरत नाही, सोड्याचाही नाही.

मग व्हिडिओतलं सिंक मोकळं कसं झालं? अर्धा कप सोडा म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास. कपभर व्हिनेगर त्यातला जेमतेम १७ ग्रॅम खाऊ शकतं. बाकीच्या नव्वदेक ग्रॅम सोड्यातला बराचसा न विरघळता तसाच राहतो आणि बारीक घासणीचं काम करतो. वरून येणारं किटलीभर गरम पाणी चरबी वितळवतं. श्रेय या दोघांचं. वायूच्या दाबाने पाइपातला बोळा पुढे सरकतो म्हणावं, तर सिंकचं तोंड वरून उघडं असतं आणि वायू सोपी वाट सोडून बोळ्याकडे जात नाही. हेच मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं तर मात्र दाब खराच वाढतो. १०० मिलीमागे २ लिटर वायू कोंडला की बाटली फुगते, कधी फुटते. हे मिश्रण 'करून ठेवायची' वस्तूच नव्हे.

स्वयंपाकघरातला चिकटपणा काढायचा तर आम्ल नकोच, आम्लारी हवी, आणि तीही खायच्या सोड्यापेक्षा जोरकस. खायच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचं माप) ८.३ च्या आसपास असतो, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. सामूचं प्रत्येक घर दसपटीचं असल्यामुळे आम्लारीपणात हा फरक काही शेपट होतो. फोडणीच्या वाफेबरोबर उडालेलं तेल एक्झॉस्ट फॅनवर आणि टाइल्सवर बसतं, हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि वॉर्निशसारखा पिवळट थर बनतो. तो नुसत्या भांड्याच्या साबणाने हलत नाही. १ लिटर कडक गरम पाण्यात ३० ग्रॅम (दोन मोठे चमचे) धुण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्याचा लिक्विड साबण घालून पाती १५-२० मिनिटं बुडवून ठेवली की थर सुटतो. हातमोजे घाला. पाती किंवा चिमणीची जाळी ॲल्युमिनिअमची असेल तर हा उपाय करू नका. आम्लारी ॲल्युमिनिअमवरचं संरक्षक ऑक्साइड खाते, मग आतल्या धातूला भिडते आणि जाळी काळवंडते.

आता नळावरच्या, किटलीतल्या आणि शॉवरच्या भोकांतल्या पांढऱ्या थराकडे वळू. आम्लाचं खरं काम इथेच आहे.

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि सौम्य आम्ल बनतं. हे आम्ल खडकातलं कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम हळूहळू सोडवत जातं. दख्खनचा खडक चुनखडीचा नाही, बेसाल्टचा आहे, पण बेसाल्टच्या खनिजांतही हे दोन्ही धातू भरपूर असतात. म्हणून तर बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुष्फेनतेची, म्हणजे पाण्याच्या या जडपणाची, अपेक्षित मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाण्यात हे कॅल्शिअम बायकार्बोनेटच्या सोबतीने विरघळलेलं असतं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि कॅल्शिअम कार्बोनेट खाली बसतं. चुनखडीचा दगडही मुख्यतः याच पदार्थाचा असतो. नळाच्या तोंडाशी पाणी तापत नाही, पण थेंब तिथेच वाळतो. निकाल तोच.

समजा पाण्याची दुष्फेनता ३०० आहे, रोज २ लिटर पाणी किटलीत उकळतं आणि त्यातला निम्माच भाग चिकटतो. तरी महिन्याला ९ ग्रॅम थर होतो. तो काढायला किती आम्ल लागेल?

किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक आम्लाचे खडे इथे सगळ्यात सोयीचे. त्यांना वास नाही, ते टिकतात आणि स्वस्तही आहेत. या आम्लाच्या एका रेणूत तीन हायड्रोजन सोडता येण्याजोगे असतात. तिन्ही कामाला लागले तर १ ग्रॅम थराला १.२८ ग्रॅम आम्ल पुरतं, म्हणजे ९ ग्रॅमला साडेअकरा ग्रॅम. कागदावर हिशेब पूर्ण झाला. प्रत्यक्षात मात्र एवढंच घातलं तर किटलीत नवा पांढरा थर दिसतो. तो असतो कॅल्शिअम सायट्रेटचा. दोन सायट्रेट रेणूंनी मिळून तीन कॅल्शिअम धरले की जो क्षार बनतो, तो पाण्यात फारच कमी विरघळतो. लिटरला ग्रॅमभरही नाही. आणि तो साखर-मिठाच्या उलट वागतो. पाणी जितकं गरम, तितका तो कमी विरघळतो. 'लिंबूसत्त्व घालून खळखळ उकळा' असं सांगणारे नेमकं इथे फसतात. जुना थर जातो आणि त्याच जागी पिठासारखा नवा येऊन बसतो.

यातून सुटका आम्ल जास्त घेण्यात आहे. आम्ल मुबलक असेल तर सायट्रिकचा प्रत्येक रेणू तीनऐवजी एकच हायड्रोजन सोडतो, आणि असे दोन रेणू एका कॅल्शिअमला दोन्ही बाजूंनी सांडशीने पातेलं धरावं तसे धरतात. हे संयुग पाण्यात सुखाने राहतं. आता हिशेब बदलतो. तीन कॅल्शिअमना आधी दोन रेणू पुरत होते, आता सहा लागतील, म्हणजे किमान तिप्पट. शिवाय सायट्रिकचे तीन हायड्रोजन सारख्याच सहजतेने सुटत नाहीत. पहिला सामू ३ च्या आसपास सुटू लागतो, दुसरा ५ च्या थोडा खाली, तिसरा ६ च्या वर. थर विरघळताना सामू चढत जातो आणि दुसरा हायड्रोजनही सुटायला लागतो. द्रावण शेवटपर्यंत ३-४ च्या पट्ट्यात ठेवायचं तर तिपटीवर आणखी तेवढीच राखीव फौज लागते. म्हणून सरळ सहापट घ्या, ९ ग्रॅम थराला ७० ग्रॅम आम्ल. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढंच लक्षात ठेवा की आम्ल सढळ हाताने घ्यायचं आणि पाणी उकळू द्यायचं नाही.

किटलीत १ लिटर कोमट पाणी घ्या. बोट घातल्यावर सोसवेल इतपतच गरम. त्यात सहा सपाट मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा. बारीक बुडबुडे निघू लागतील. हे बुडबुडे कामाचे असतात, कारण वायू खुद्द थरातून निघतो आणि पापुद्रे उचलत जातो. २०-३० मिनिटांनी बुडबुडे थांबले की ओतून टाका. थर शिल्लक असेल तर तेच पाणी मुरत ठेवू नका, ताजं द्रावण घ्या. शेवटी दोनदा विसळा, एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या. पांढरी भुकटी राहिलीच, तर ती सायट्रेटची. थंड पाण्यात केलेलं ताजं द्रावण तिला घेऊन जाईल.

व्हिनेगरला ही अडचण नाही, कारण कॅल्शिअम ॲसिटेट पाण्यात सहज विरघळतं. पण त्याच ९ ग्रॅम थराला ५ टक्क्यांचं २१६ मिली व्हिनेगर किमान लागतं, आणि घरभर वास राहतो तो वेगळाच. लिंबाचं म्हणाल तर रसात सायट्रिक आम्ल साधारण ५ टक्के. ७० ग्रॅमसाठी १४०० मिली रस, म्हणजे साठेक लिंबं पिळावी लागतील. अर्धं लिंबू नळावर चोळून वर्षांचा थर का जात नाही, याचं उत्तर या आकड्यात आहे.

नळाला मात्र द्रावण टिकत नाही, ओघळून जातं. लिटरला ५० ग्रॅमचं द्रावण करून जुनी सुती चिंधी त्यात भिजवा, नळाभोवती गुंडाळा, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि अर्ध्या तासाने काढा. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून निघत असेल तर काढून वाटीत बुडवा. रात्रभर ठेवू नका. क्रोमच्या मुलाम्याला बारीक चीर असेल तर आम्ल तिथून खालच्या पितळेपर्यंत पोचतं आणि मुलामा उचलला जातो. शॉवरच्या काचेवरचे काही ठिपके एवढं करूनही हटत नाहीत. बेसाल्टमधून आलेल्या पाण्यात सिलिकाही असते आणि सिलिकेला हे आम्ल काहीच करत नाही.

बाथरूमच्या टाइल्सवरचा करडा, मेणचट पापुद्रा दिसायला याच थरासारखा, पण तो साबण आणि कॅल्शिअम मिळून बनलेला असतो. आम्ल त्यातलं कॅल्शिअम काढून घेतं, मागे स्निग्धाम्ल उरतं आणि भिंत आणखीच तेलकट लागते. उपाय फसला असं वाटून लोक इथेच थांबतात. खरं तर अर्धंच काम झालेलं असतं. पाण्याने धुवा, मग साबण किंवा धुण्याच्या सोड्याचं पातळ द्रावण लावा. आम्ल आणि आम्लारी दोन्ही वापरायची तर अशी एकामागून एक, मध्ये पाणी मारून.

आम्ल कुठे लावू नये ते आपल्याकडच्या घरांत जास्त महत्त्वाचं आहे. संगमरवर, शहाबादी, कोटा आणि कडाप्पा हे सगळे प्रामुख्याने कॅल्शिअम कार्बोनेटचे दगड, म्हणजे नळावरच्या थराचेच भाऊबंद. मोझॅकच्या लाद्यांत संगमरवराच्या चिपा आणि सिमेंट असतं, त्याही यातच आल्या. काळा कडाप्प्याचा ओटा ग्रॅनाइट समजून कुणी व्हिनेगरने पुसला तर चकाकी जाऊन फिकट डाग उरतात. ते डाग म्हणजे मळ नव्हे, झिजलेला दगड. पुन्हा पॉलिश केल्याशिवाय ते जात नाहीत. शंका असेल तर ओट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर जागा निस्तेज दिसली, तर त्या दगडाला आम्ल वर्ज्य.

कुकरच्या तळाशी लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटुक टाकायची घरोघरची सवय रसायनशास्त्राला धरून आहे. दुष्फेन पाणी उकळताना आम्लारीधर्मी होत जातं आणि ॲल्युमिनिअम काळं पडतं. थोडंसं आम्ल तो चढता सामू आवरतं. तांब्या-पितळेला चिंच-मीठ लावणंही योग्यच. चिंचेतलं टार्टारिक आम्ल काळं ऑक्साइड विरघळवतं, मिठातलं क्लोराइड त्याला मदत करतं. फक्त पितळेवर ते मिनिटा-दोन मिनिटांत धुवा. जास्त वेळ राहिलं तर जस्त निघून जातं आणि पितळेवर तांबूस चट्टे उठतात. धुतल्यावर लगेच कोरडं पुसलं नाही, तर उरलेलं क्लोराइड भांडं दुसऱ्याच दिवशी पुन्हा डागाळतं.

याच मिठाचा दुसरा वापर म्हणजे लादी पुसायच्या पाण्यात खडे मीठ टाकून 'नकारात्मक ऊर्जा' घालवणं. बादलीभर पाण्यातल्या मूठभर मिठाने जंतू मरत नाहीत, आणि ऊर्जेला धन-ऋण ठरवणारं यंत्र वास्तुतज्ज्ञांकडे तरी आहे का, ते त्यांनाच विचारा. लादीवर उरलेलं मीठ हवेतली ओल धरतं आणि लोखंडी कपाटाचे पाय गंजवतं, एवढा परिणाम मात्र नक्की दिसतो. बायोएन्झाइमचंही थोडं असंच. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. आंबून जे तयार होतं ते मुख्यतः ॲसेटिक आणि लॅक्टिक आम्लाचं पातळ पाणी. सौम्य आम्ल म्हणून ते कामाचं आहे, साली वाया जात नाहीत हेही चांगलं. त्यातून ओझोन निघून हवा शुद्ध होते वगैरे दावे सोडून द्या. पहिल्या महिन्यात झाकण रोज सैल करा, नाहीतर कोंडलेल्या वायूने बाटली फुटेल.

या लेखातलं कुठलंही आम्ल, लिंबूसत्त्व असो की व्हिनेगर, ब्लीचिंग पावडर किंवा द्रव ब्लीचच्या जवळ नेऊ नका. संडास साफ करायच्या ॲसिडला तर हे दुपटीने लागू. आम्ल मिसळलं की ब्लीचमधून क्लोरिन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो काही श्वासांतच घसा आणि फुप्फुसं जाळू लागतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. खाली बसून लादी घासणाऱ्याला तो आधी गाठतो. तसा वास आला तर त्यावर सोडा-बिडा ओतत बसू नका. बाहेर या, दार उघडं ठेवा, बाहेरून लागणार असेल तर पंखा लावा. खोकला थांबत नसेल किंवा छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर सरळ दवाखाना गाठा. ब्लीच वापरायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, संडास भरपूर पाण्याने धुऊन झाल्यावर.