काट्यावरचे साडेचार किलो

माझा भाचा अमेरिकेत शार्लटला राहतो आणि तिथल्या कॅरोलायना पँथर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा निस्सीम भक्त आहे. त्याचा प्रश्न होता, "मामा, क्वार्टरबॅक दोन महिन्यांत पाच किलो स्नायू चढवू शकतो का?" क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा गडी. प्रश्नाला अर्थातच इतिहास आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्या आयपीएलसारखा लिलाव नसतो. कॉलेजमधून येणारे खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी इंडियानापोलिसला 'कंबाइन' भरतं. तिथे पोरांची उंची, वजन, हाताचा पंजासुद्धा मोजतात. 2023मध्ये सगळ्यांचे डोळे होते अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग याच्यावर. कॉलेजच्या यादीत तो 6 फूट आणि 194 पौंड होता. कंबाइनमध्ये उंची भरली 5 फूट 10 इंच आणि वर एक अष्टमांश, वजन 204 पौंड. म्हणजे उंची दोन इंचांनी घटली आणि वजन दहा पौंडांनी वाढलं! त्याने तिथे चेंडू फेकून दाखवला नाही आणि नंतर कॉलेजच्या प्रदर्शनाच्या दिवशी काट्यावर उभं राहणंही टाळलं. यात नियमाबाहेरचं काही नाही. पण चर्चा व्हायची ती झालीच. एप्रिलमध्ये पँथर्सनी त्यालाच पहिल्या क्रमांकावर निवडलं.

दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. कॉलेजचा शेवटचा सामना 31 डिसेंबरला झाला, कंबाइन मार्चच्या सुरुवातीला. हातात जेमतेम नऊ आठवडे. आता हिशेब मांडू.

स्नायूचा तीन चतुर्थांश भाग पाणी असतो आणि साधारण एक पंचमांश प्रथिन. साडेचार किलो स्नायूंत प्रथिन आलं 900 ग्रॅम. भागिले 63 दिवस, म्हणजे रोज 14 ग्रॅम. दोन अंडी आणि वर घासभर! एवढंच? मग अडलंय कुठे?

अडलंय ते पाडकामापाशी. स्नायू म्हणजे बांधून झालेली इमारत नव्हे. तिथे एका बाजूने विटा रचल्या जातात, दुसऱ्या बाजूने काढल्या जातात, अहोरात्र. 194 पौंड म्हणजे 88 किलो. एवढ्या खेळाडूच्या अंगात आठेक किलो स्नायूप्रथिन असतं आणि रोज त्यातलं एक-दीड टक्का मोडून नवं बनतं. म्हणजे शंभरेक ग्रॅम रचले, शंभरेक ग्रॅम पाडले. वाढ होते ती या दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून. रोज 14 ग्रॅम शिल्लक पाडायचे, तर रचण्याचं पारडं पाडण्यापेक्षा सातव्या हिश्श्याने जड राहायला हवं, तेही एक दिवस न चुकता.

रचण्याचा हुकूम कोण देतं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. थोडं सांभाळून वाचा.

पेशीत एमटॉर नावाचं एक प्रथिन आहे. त्याचं काम बँकेच्या लॉकरसारखं चालतं, दोन किल्ल्या लागतात. पहिली किल्ली अन्नाची. ल्युसिन हे अमिनो आम्ल पेशीत आलं की सेस्ट्रिन-2 नावाचा पहारेकरी त्याला चिकटतो, त्यामुळे पुढचा अडसर सुटतो आणि रॅग नावाची प्रथिनं एमटॉरला ओढून लायसोसोम या पेशीतल्या पिशवीच्या पृष्ठभागावर आणतात. पण तिथे तो नुसता बसून राहतो. दुसरी किल्ली रेब नावाच्या प्रथिनाच्या हाती, आणि रेबला एरवी टीएससी-2 दाबून धरतं. इन्सुलिन आलं किंवा स्नायूवर वजनाचा ताण पडला की टीएससी-2 बाजूला सरकतं, रेब मोकळं होतं आणि एमटॉर चालू. मग तो 4ई-बीपी1 या रोधकाला फॉस्फेट चिकटवून हटवतो आणि रायबोसोम, म्हणजे प्रथिनं रचणारे गवंडी, कामाला लागतात. तालमीतले वस्ताद जोर-बैठका आणि खुराक यांची फारकत करू देत नाहीत, ते उगाच नाही. नुसत्या दूध-बदामाने पोटच सुटतं.

या एमटॉरला नाव मिळालं ते रॅपामायसिनवरून. हे रसायन ईस्टर बेटाच्या, म्हणजे रापा नुईच्या, मातीतल्या जिवाणूत सापडलं. ते वेगळं काढणाऱ्या चमूचे प्रमुख सुरेन सेहगल भारतीय वंशाचे. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी तो जिवाणू चक्क घरच्या फ्रीजरमध्ये जपला होता. 2009मध्ये काही स्वयंसेवकांना व्यायामाआधी रॅपामायसिन दिलं, तर व्यायामानंतर स्नायूंत प्रथिन बनण्याचा वेग एरवी वाढतो तो वाढलाच नाही. लॉकर उघडलाच नाही!

आता ग्यानबाची मेख. नवशिक्याच्या स्नायूत एका व्यायामानंतर ही रचना दीड-दोन दिवस जोरात चालते. वर्षानुवर्षं वजनं उचललेल्या खेळाडूत ती लवकर ओसरते. त्याने नऊ आठवड्यांत दीड-दोन किलो खरे स्नायू मिळवले तरी मी टाळ्या वाजवीन. हंगामात झिजलेलं भरून काढायचं असेल तर काम थोडं सोपं, कारण स्नायू गमावलेलं लवकर परत मिळवतो. 'महिन्यात 5 किलो मसल' असं लिहिलेला पावडरचा डबा मात्र दुकानातच राहू द्या.

मग उरलेलं वजन? काटा फक्त वस्तुमान मोजतो. अडीच लिटर पाणी प्यायलं की अडीच किलो. पोटभर भात-बटाटे खाऊन स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, भरलं, तर त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. आठवडाभर क्रिएटिन हे व्यायामवाल्यांचं पूरक घेतलं की आणखी किलो-दीड किलो पाणी. ब्राइस यंगने काय केलं हे काट्याला विचारून कळणार नाही. पण साडेचार किलो आठवड्यात चढू शकतात आणि दोन दिवसांत बरेचसे उतरूही शकतात. हाच खेळ उलट बाजूने विनेश फोगाटच्या नशिबी आला होता, पॅरिसला 2024मध्ये, अवघ्या 100 ग्रॅमसाठी.

संघांना हे वजन हवं कशाला? मार सोसायला. शाळेतला संवेगाचा नियम लावून पाहा. 140 किलोचा गडी सेकंदाला 5 मीटर वेगाने येऊन उभ्या क्वार्टरबॅकला मिठी मारतो. 88 किलोचा क्वार्टरबॅक त्याच्यासकट 3.07 मीटर वेगाने मागे फेकला जातो. 92.5 किलोचा? 3.01. फरक सेकंदाला सहा सेंटिमीटर. भाच्याला हा आकडा कळवला, तर तो म्हणतो, "मामा, मग चेंडू लवकर फेकायला शिकलेलं बरं."