नेन्ना (आइसलँडिक क्रियापद)

‘नेन्ना’ हे आइसलँडिक भाषेतले रोजच्या, घरगुती बोलण्यातले क्रियापद आहे. एखादी गोष्ट करण्याइतकी उमेद असणे, ती करायला मन राजी असणे, हा त्याचा अर्थ. मात्र कानावर ते बहुतेक वेळा नकारातच पडते. ‘येग नेन्नी एह्की’ हे तिथल्या मुलांच्या तोंडी सतत असणारे वाक्य, आणि त्याला मराठीत सर्वांत जवळचे म्हणजे ‘माझ्या जिवावर आलंय’. येथे ‘येग’ म्हणजे ‘मी’ आणि ‘एह्की’ म्हणजे ‘नाही’.

हा नकार आळसाची कबुली असतोच असे नाही. बोलणाऱ्याला काम जमत नाही किंवा ते नावडते आहे, असेही तो सांगत नाही. काम करता येण्यासारखे आहे, पण त्यासाठी लागणारी मनाची उठावणी आत्ता होत नाही, एवढेच तो सांगतो. इंग्रजीत हा अर्थ एका क्रियापदात मावत नाही. मराठी वाचकाला तो ‘जिवावर येणे’मुळे लगेच कळतो.

व्याकरणात मात्र दोन भाषांची वाट वेगळी होते, आणि ही जागा थांबून पाहण्यासारखी आहे. ‘मला वाटतं’, ‘मला कंटाळा आला’ अशा वाक्यांत मराठी अनुभवणाऱ्याला चतुर्थीत ठेवते. आइसलँडिकही असेच करते: ‘म्येर लेय्दिस्त’ म्हणजे ‘मला कंटाळा आलाय’, आणि त्यातले ‘म्येर’ हे ‘मला’च आहे. कंटाळा माणसावर येतो, माणूस तो करत नाही, ही जाणीव दोन्हीकडे आहे. पण ‘नेन्ना’ला ‘मला’ चालत नाही, तिथे प्रथमेतला ‘मी’च लागतो. उलट, ज्या गोष्टीची उमेद नाही ती गोष्ट चतुर्थीत जाते: ‘येग नेन्नी थेस्सू एह्की’, म्हणजे ‘हे करायची माझी तयारी नाही’. व्याकरणाने येथे माणसाला कर्तेपण दिले आहे.

त्याचे मूळ पाहिले की हे कर्तेपण शोभून दिसते. हा शब्द प्राचीन जर्मानिक भाषेतल्या (इंग्रजी, जर्मन, आइसलँडिक यांच्या समान पूर्वज भाषेतल्या) ‘नान्थ’ या धातूचा, आणि त्याचा अर्थ धाडस करणे. गॉथिक ही त्याच कुळातली, आता लुप्त झालेली भाषा. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये अरिमथाईचा योसेफ येशूचे शव मागायला धैर्याने रोमन सुभेदार पिलातापुढे जातो, तिथे ‘धैर्य करून’ यासाठी याच धातूचे रूप आले आहे. आइसलँडिकची पूर्वज असलेल्या नॉर्स भाषेत ‘न्थ’चा ‘न्न’ झाला. गॉथिक ‘फिन्थान’ (सापडणे) आइसलँडिकमध्ये ‘फिन्ना’ होते, तसेच हे. पुढच्या अक्षरातल्या ‘इ’कारामुळे आधीचा ‘अ’ बदलून ‘ए’ झाला आणि ‘नेन्ना’ तयार झाले. जुन्या नॉर्समध्येच अर्थ ‘धाडस करणे’पासून ‘मन राजी होणे’कडे सरकला होता.

डॅनिशमधला याचा सख्खा भाऊ ‘नेन्ने’ वेगळ्या वाटेने गेला. कोणाला दुखवायला किंवा आवडती वस्तू टाकून द्यायला ‘जीव होत नाही’, हे सांगायला डॅनिश माणूस तो नकारात वापरतो. स्वीडिशमध्ये ‘नेन्नास’ याच अर्थाने येतो. मराठीतले ‘धजणे’ समोर ठेवले की हे भाऊबंद कसे जुळतात ते दिसते: मन धजणे हे मूळ, त्यातून डॅनिशमध्ये हळवेपणा उरला आणि आइसलँडिकमध्ये उमेद.

धाडसाचा मूळ अर्थ विशेषनामांत टिकला. ‘फर्डिनांड’ हे गॉथिक वळणाचे नाव, आणि त्याचा उत्तरार्ध याच धातूचा मानतात. त्याचे आयबेरियन रूप फर्नांदो, त्यावरून फर्नांडिस. गोव्यात घरोघरी आढळणारे हे आडनाव अशा प्रकारे ‘नेन्ना’चे दूरचे नातेवाईक ठरते.

आजच्या अनौपचारिक आइसलँडिकमध्ये इंग्रजीवरून आलेली क्रियापदेही पुष्कळ आहेत. ‘फील’वरून ‘फीला’ (आवडणे) आणि ‘जॅम’वरून ‘द्याम्मा’ (रात्री बाहेर पडून मौजमजा करणे) ही त्यांतली दोन. ‘नेन्ना’ त्यांच्या शेजारी बसते, पण ते उसने नाही, हजार वर्षांहून जुने आहे. म्हणून त्याला बोलीतला नवा शब्द म्हणणे चूक ठरेल.

होकारार्थी रूप ऐकू येते ते मुख्यतः विनंतीत. ‘नेन्निर्दू’ने सुरू होणारा प्रश्न म्हणजे ‘जरा करशील का?’ जेवताना मीठ पुढे करायला सांगायचे, दार लावून घ्यायला सांगायचे, तर हाच शब्द. शब्दशः पाहिले तर विचारणारा समोरच्याची उमेद विचारत असतो.