कन्सेंट फॉर्मवर सही कोणी करायची?

हॉस्पिटलात पेशंटजवळ थांबायला आम्ही माणसं पाठवतो, म्हणून बऱ्याच फॅमिलीज आम्हाला विचारतात, आई ॲडमिट आहे, आम्ही पोचेपर्यंत तुमच्या मावशी फॉर्मवर सही करतील का? नाही करणार. आमच्या मावशी, दादा रात्रभर पेशंटजवळ बसतील, औषधांच्या वेळा बघतील, डॉक्टर राउंडला आले की तुम्हाला फोन लावून देतील, पण ऑपरेशनच्या संमतीवर त्यांची सही चालत नाही आणि आई शुद्धीत असेल, तिला सगळं समजत असेल तर खरं म्हणजे तुमचीही चालत नाही, भले तुम्ही पोटचा मुलगा असा.

समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2008 साली हे स्पष्ट केलंय. 44 वर्षांच्या बाई, दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेली, आणि त्या गुंगीत असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून त्यांचं गर्भाशय आणि ओव्हरीज काढल्या. कोर्ट म्हणालं जिवाला लगेच धोका नव्हता, त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, आईचा होकार म्हणजे त्यांचा होकार नाही. तपासणीला हो म्हटलं म्हणजे ऑपरेशनलाही हो, असंही होत नाही. जीव वाचवायची घाई असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सहीसाठी अडून बसत नाहीत, बसूही नये.

वॉर्डात बऱ्याचदा दिसतं ते असं, आजोबांचा चष्मा ड्रॉवरमध्ये, कानाचं मशीन डबीत, आणि समोर इंग्रजी फॉर्म, "इथे सही करा". याला विचारून घेणं म्हणत नाहीत हो! म्हणून आमच्या माणसांना सांगून ठेवलंय, आधी चष्मा आणि मशीन लावून द्यायचं, मग सिस्टरला विनंती करायची की डॉक्टरांनी मराठीत समजावून सांगावं, काय करणार, धोका काय, दुसरा उपाय आहे का, नाही केलं तर काय होईल. कोऱ्या रकान्यांवर सही नको. सही झाल्यावरही पेशंट नको म्हणू शकतो, तो त्याचा हक्क आहे आणि त्यावरून घरच्यांनी त्याला रागावू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

डिमेन्शियामुळे (स्मृतिभ्रंशामुळे) पेशंटला समजत नसेल किंवा तो शुद्धीत नसेल तर जवळचे नातेवाईक लागतात, त्यामुळे मुलं परदेशात असतील तर इथलं कोण लगेच येऊ शकेल त्याचं नाव आणि नंबर बुकिंगच्या वेळीच आम्हाला लिहून द्या.