कंपनीची सायकल: कर कुठे वाचतो, बिल कुणाच्या नावाचं हवं

ब्रिटनमध्ये 1999 पासून नोकरदाराला कर कापण्याआधीच्या पगारातून सायकल घेता येते. आपल्याकडे तशी योजना नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये सायकलीची वजावट शोधत बसू नका. मात्र कंपनी तयार असेल तर वाट निघते. इथले आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे, 1961 च्या आयकर कायद्याप्रमाणे.

नव्या करप्रणालीत वर्षाचा पगार 12.75 लाखांपर्यंत असेल तर तुमचा कर तसाही शून्य आहे. या खटाटोपात पडू नका. त्यापुढच्यांनी वाचा.

कलम 17(2) च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की घर ते कामाची जागा जाण्यायेण्यासाठी मालकाने दिलेल्या ‘कोणत्याही वाहनाचा’ वापर हा करपात्र लाभ धरायचा नाही. त्यात मोटारच हवी असं नाही. म्हणजे सायकल कंपनीने घ्यायची, तुम्ही नुसती चालवायची.

एचआरकडे अर्ज देताना घर आणि ऑफिसचा पत्ता लिहा, समजा मुंबईत दादर ते बीकेसी. सायकलीचं कोटेशन जोडा. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) बदलाचं पत्र बदललेला पगार लागू होण्याआधीच्या तारखेचं हवं, आणि सायकलीची रक्कम स्पेशल अलाउन्समधून कमी करा; बेसिकला हात लावला तर पीएफही घटू शकतो. हातात येणाऱ्या पगारातून हप्ते कापून घेतले तर कर आधीच भरलेला असतो, वाचत काहीच नाही. पत्र नीट असेल तर 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये 20,000 च्या सायकलीवर सेससह 6,240 रुपये वाचतात.

सगळ्यात जास्त घोळ बिलात होतो. आपल्या नावावर सायकल घेऊन पैसे कंपनीकडून मागितले, की ती पूर्ण रक्कम करपात्र. बिल कंपनीच्या नावाचं, तिच्या जीएसटी क्रमांकासह हवं. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवर जीएसटी 5 टक्के आहे. दुकानदाराने सवयीने 12 लावले तर बिल बदलून घ्या. सायकल उलटी करा: पायडलचा आस ज्या नळीत बसतो, बहुतेकदा तिच्याखाली फ्रेम नंबर कोरलेला असतो. तो बिलावर आणि कंपनीच्या वाटप-पत्रावर लिहून घ्या. चोरी झाली तर पोलिसांत तक्रार देताना हीच दोन कागदं लागतात.

रविवारी मरीन ड्राइव्हला फेरी मारायची असेल तर तो खासगी वापर. मग वर्षाला किमतीच्या 10 टक्के, म्हणजे 2,000 रुपये, करपात्र लाभ म्हणून फॉर्म 12बीएमध्ये (कंपनीने दिलेल्या लाभांचा तक्ता) दिसतील. त्यावर कर 624 रुपये. सावध पेरोलवाले तेवढे लावतातच. भांडू नका.

खरा फटका कंपनीची सायकल आपल्या नावावर करून घेताना बसतो. दरवर्षी मूळ किमतीच्या 10 टक्के घसारा (वापरामुळे किमतीत धरलेली घट) मिळतो. दोन वर्षांनी किंमत 16,000 धरली जाते. तुम्ही 6,000 दिले तर उरलेले 10,000 करपात्र. घसारा फक्त पूर्ण झालेल्या वर्षांचा असतो, त्यामुळे जुलैत घेतलेली सायकल जूनमध्ये नावावर करून घेऊ नका.