गाठ काढून का टाकत नाहीत?

स्तनाचा कर्करोग हाडांत, यकृतात किंवा फुफ्फुसात पोचल्याचं पेट स्कॅनमध्ये दिसलं, तरी नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "मग ऑपरेशन कधी?" डॉक्टर गोळ्या सुरू करतात किंवा सलाईनमधून किमो सांगतात, तेव्हा घरच्यांना वाटतं, यांनी हात टेकले. या 'ऑपरेशन नको'पर्यंत यायला वैद्यकाला शंभराहून जास्त वर्षं लागली.

गंमत म्हणजे स्टेज फोरवर, म्हणजे असा दूरवर पसरलेल्या रोगावर, लागू पडलेला पहिला उपचार ऑपरेशनच होता, फक्त ते स्तनाचं नव्हतं. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी तरुणपणी प्रबंध लिहिला होता तो दूध कसं येतं यावर. गाय जास्त दिवस दूध देत राहावी म्हणून काही देशांतले शेतकरी तिचे अंडाशय काढतात, हे त्यांना त्या अभ्यासात कळलं. एवढ्या धाग्यावर जून १८९५ मध्ये त्यांनी ३३ वर्षांच्या एका बाईचे अंडाशय काढले. तिचा स्तन आधीच काढलेला होता आणि रोग उलटला होता. काही महिन्यांत गाठी विरल्या आणि ती आणखी सुमारे चार वर्षं जगली. पुढे इतरांनीही हे करून पाहिलं, तर तिघींपैकी साधारण एकीलाच गुण येई. कारण कळलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पकडणारं पेशीतलं प्रथिन, दाखवला तेव्हा. ज्या गाठीत हा रिसेप्टर असतो, तीच संप्रेरकावर पोसते. तोवर अंडाशय पुरेनात म्हणून अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि पिट्युटरीसुद्धा काढल्या जात होत्या. म्हणजे गाठ राहिली बाजूला, बाई मात्र एकेका ग्रंथीला मुकत होती.

हे थांबवलं एका फसलेल्या गर्भनिरोधकानं. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये बनवलेलं टॅमॉक्सिफेन संभोगानंतर घ्यायची गोळी म्हणून तपासलं गेलं, पण स्त्रियांमध्ये त्यानं उलट बीज सुटायला मदतच केली. मग मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमध्ये ते पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर दिलं गेलं. १९७१ च्या त्या अहवालात ४६ पैकी फक्त १० जणींना गुण आला होता. आकडा दिपवणारा नव्हता, जुन्या संप्रेरक उपचारांइतकाच होता. पण त्रास खूपच कमी होता आणि डॉक्टरांच्या नजरेत भरलं ते हेच. अंगातून वाफा निघणं, क्वचित रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हे धोके आहेतच. म्हणून पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. नंतर आलेल्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांत सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होतात.

किमोतल्या पॅक्लिटॅक्सेलची गोष्ट आपल्या जवळची आहे. १९६२ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा झाली. तिच्यातला गुणकारी घटक वेगळा करून १९७१ मध्ये त्याची रचना मांडली ती मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेले. खानदेशातसुद्धा हे किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे. सुसान हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं की पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांना हे औषध घट्ट धरून ठेवतं आणि मग पेशीला विभागता येत नाही. याच नलिका मज्जातंतूंमध्ये वाहतुकीचं काम करतात. म्हणून बोटांना मुंग्या येतात, ब्लाऊजची हुकं लागत नाहीत, पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही. गाठ अडवणारी आणि बोटं बधिर करणारी करणी एकच आहे. शिवाय हे औषध पाण्यात विरघळत नाही. ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळावं लागलं आणि त्याची अ‍ॅलर्जी येऊ लागली. किमोआधी स्टेरॉइड देतात ते यासाठी. हा द्रावक टाळणारं, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ मध्ये आलं.

मधल्या काळात 'जास्त म्हणजे चांगलं' या समजुतीनं कळस गाठला. १९९० च्या दशकात अमेरिकेत प्रचंड मात्रेची किमो आणि त्यानंतर रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल परत देण्याचा उपचार हजारो स्त्रियांनी घेतला. विमा कंपनीनं खर्च नाकारला म्हणून १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात एका कुटुंबाला ज्युरीनं ८ कोटी ९० लाख डॉलर देवविले. २००० मध्ये पसरलेल्या रोगावरच्या मोठ्या चाचणीचे आकडे आले, तर नेहमीच्या किमोहून आयुष्य वाढलंच नव्हतं. त्याच वर्षी या उपचाराची भलावण करणारे दक्षिण आफ्रिकेतले डॉ. बेझवोडा यांची लबाडी तपासणीत उघड झाली.

दरम्यान १९९८ मध्ये हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या, गाठींसाठी ट्रास्टुझुमॅब हे औषध आलं. ते लाल औषधाबरोबर, म्हणजे डॉक्सोरुबिसिनसोबत दिलं की हृदय थकतं, हे चाचणीतच दिसलं. दर काही महिन्यांनी टूडी इको करायला लावतात ते त्यामुळे. संप्रेरकावर पोसणाऱ्या गाठींसाठी २०१५ पासून असलेल्या पाल्बोसिक्लिब या गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी हा क्रम त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून.

आता तो पहिला प्रश्न. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी तो थेट तपासला. निदानाच्या वेळीच रोग पसरलेला होता आणि किमोला प्रतिसाद मिळाला होता अशा ३५० स्त्रिया घेतल्या. निम्म्यांचं स्तनाचं ऑपरेशन आणि पुढचे स्थानिक उपचार केले, निम्म्यांचे नाही. २०१५ मध्ये निकाल छापून आला: ऑपरेशन झालेल्यांचं मध्यम आयुर्मान (निम्म्या जणी याहून जास्त जगल्या) १९.२ महिने, न झालेल्यांचं २०.५. स्तनातला रोग ऑपरेशननं आटोक्यात राहिला, पण जगणं वाढलं नाही. तुर्कस्तानातल्या एका चाचणीनं थोडा वेगळा सूर लावला आहे. शिवाय गाठ फुटून वाहत असेल, रक्त जात असेल, तर आरामासाठी ऑपरेशन करतात. पण सरसकट नाही.

त्रास कमी करण्याचं संशोधनही टाटामध्येच पुढे गेलं. जोरदार उलट्या आणणाऱ्या किमोबरोबर ओलान्झापिन ही मुळात मनोविकाराची गोळी १० मिलिग्रॅम देतात. ती उलट्या थांबवते, पण दुसऱ्या दिवशीही माणूस झोपेतच असतो. २०२४ मध्ये छापलेल्या त्यांच्या चाचणीत अडीच मिलिग्रॅमनं उलट्या तितक्याच आवरल्या आणि दिवसाची गुंगी बरीच कमी झाली.