देनारिउस

प्राचीन रोमचे प्रमुख चांदीचे नाणे. नावाचा अर्थ ‘दहाचे’. आरंभी एका देनारिउसला ‘आस’ ही ब्राँझची दहा नाणी मिळत, इ. स. पू. १४० च्या सुमारास हा भाव सोळावर गेला, नाव तेच राहिले.

प्रारंभकाल वादग्रस्त आहे. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने दिलेले रोममधील पहिल्या रौप्य नाण्यांचे वर्ष इ. स. पू. २६९ येते, आणि जुने अभ्यासक तेच देनारिउसचे मानत. मॅटिंग्ली व रॉबिन्सन या नाणकशास्त्रज्ञांनी १९३० नंतरच्या दशकात ते इ. स. पू. १८७ पर्यंत खाली आणले. पुढे सिसिलीतील मॉर्गांतिना येथे इ. स. पू. २११ च्या विध्वंसाशी निगडित थरांत ही नाणी सापडली. त्यामुळे २११ च्या सुमाराचा काळ आता बहुधा मान्य आहे. त्याला थरांचा पुरावा आहे आणि कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याविरुद्धच्या युद्धखर्चाशीही तो जुळतो.

सर्वांत जुन्या नाण्यांवर दर्शनी बाजूस शिरस्त्राण घातलेले रोमा देवतेचे मुख व त्यामागे दहाचा रोमन अंक असतो. मागे भाले रोखून दौडणारे कॅस्टर व पोलक्स हे जुळे देव, त्यांच्या डोक्यांवर एकेक तारा. पुढे टांकसाळीचे अधिकारी आपल्या पूर्वजांचे पराक्रम कोरवू लागले. पुढे सीझरच्या हत्येत सामील झालेल्या ब्रूटसने इ. स. पू. ५४ च्या सुमारास स्वातंत्र्यदेवतेचे मुख आणि राजसत्ता उलथवणारा आपला पूर्वज दाखवला. इ. स. पू. ४४ मध्ये रोमचा सर्वसत्ताधीश सीझर याचे मुख हयातीतच नाण्यावर आले. त्याच्या हत्येनंतर ब्रूटसने पाडलेल्या नाण्यावर दोन खंजीर, मध्ये स्वातंत्र्याची खूण असलेली मुक्त गुलामाची टोपी आणि खाली मार्चच्या ‘ईद’ची, म्हणजे हत्येच्या दिवसाची, संक्षिप्त अक्षरे आहेत. दर्शनी बाजूला मात्र, सीझरप्रमाणेच, ब्रूटसचे स्वतःचेच मुख आहे. एवढ्याशा चकतीवर त्या काळाचा सारा पेच दिसतो.

काही नाण्यांच्या कडा छिन्नीने दातेरी केलेल्या असत. आत तांबे नाही हे दिसावे म्हणून, असे सांगतात. पण चांदीचा मुलामा दिलेली दातेरी नाणीही मिळाल्याने हे पटत नाही. जर्मन लोक अशी नाणी पसंत करत, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो.

सम्राट नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास वजन व कस दोन्ही घटवले. तिसऱ्या शतकात नाणे मागे पडले.

दक्षिण भारतातील निधींत ऑगस्टस व टायबेरियस या सम्राटांची देनारिउस विपुल आहेत. पैठण व तेरचा माल भडोच बंदरात जाई. तेथे ही नाणी नफ्याने बदलली जात, असे ‘पेरिप्लस’ हा प्राचीन ग्रीक सागरी प्रवासग्रंथ सांगतो. तरीही पश्चिम भारतात ती विरळ सापडतात. तेथील क्षत्रप राजांनी ती वितळवली असावीत, असा एक तर्क आहे. संस्कृत ‘दीनार’ शब्द देनारिउसवरूनच आला. गुप्तकालीन लेखांत तो सोन्याच्या नाण्यासाठी येतो.